सिलिंगचं डिझाइन नंतर, आधी सांगाडा दाखवा म्हणावं

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाल्यात. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं एवढं की फ्लॅट तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, वर नुसती गच्ची, समुद्र चालत १० मिनिटांवर. हॉल १६ बाय ११, बेडरूम १२ बाय १०, स्लॅब साडेनऊ फुटांवर. फॉल्स सिलिंग करायचंय. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पीओपी करा, दुसरा म्हणतो जिप्सम, दीर म्हणतात लाकडाची फ्रेम करून प्लाय मारू, गावच्या घराला नाही का इतकी वर्षं लाकूड टिकलं. बेडरूमच्या कोपऱ्यात गेल्या पावसापासून ओल आहे, त्यावर कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर, "सिलिंगमध्ये झाकून जाईल." सगळं गणपतीच्या आधी उरकायचंय कारण गावचं घर आता राहण्यासारखं नाही, यंदापासून गणपती फ्लॅटवर बसणार. आणि सासूबाईंचे दोनच मुद्दे, वर उंदीर राहतील हा एक, आणि दुसरा, "मगे माटवी खंय बांधतलास?" (मग माटवी कुठे बांधणार?)

ताई, तुमच्या चार पानांत सगळ्यात मुद्द्याचं वाक्य सासूबाईंचं आहे. डिझाइनचे १७ फोटो पाठवलेत तुम्ही, त्यातल्या एकातही ते सिलिंग वर कशाला लटकलंय ते दिसत नाही, आणि तेच सासूबाईंनी विचारलं.

बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात ती माटवी, गोव्याकडे माटोळी. तिला नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळ, आंब्याचे टाळ असं काय काय बांधतात. आता नीट बघा, नारळाचं वजन पट्टीवर, पट्टीचं चौकटीवर, चौकटीचं दोरीवर आणि दोरीचं वर वाशावर. फॉल्स सिलिंग म्हणजे डिट्टो हेच, फक्त वाशाच्या जागी स्लॅब, दोरीच्या जागी पत्र्याची पट्टी, आणि नारळाच्या जागी बोर्ड. माटवी बांधताना कोणी आधी नारळ कुठला लावायचा ते बघत नाही, दोरी ओढून बघतात. सिलिंगच्या बाबतीत मात्र सगळे एलईडीच्या रंगावर दोन दोन तास घालवतात आणि दोरी बघायची राहून जाते.

तर जिप्समपासून सुरू करतो, कारण तुमच्या हॉल-बेडरूमला मी तेच सांगणार आहे. जिप्समचा बोर्ड हा नुसता झाकण आहे, खरं सिलिंग म्हणजे त्याच्या वरचा जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा सांगाडा. भिंतीला चारी बाजूंनी लेव्हलमध्ये जो चॅनल मारतात तो पेरिमीटर. स्लॅबला छोटा एल आकाराचा तुकडा फास्टनरने (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) ठोकतात तो क्लीट, त्याला उभी पट्टी म्हणजे अँगल, त्या अँगलला खाली आडवा इंटरमीडिएट चॅनल (साइटवर सगळे नुसतं 'इंटर' म्हणतात), आणि इंटरच्या खाली काटकोनात सेक्शन, तारेच्या क्लिपने अडकवलेले. या सेक्शनला बोर्ड स्क्रूने बसतो. माप लिहून घ्या, क्लीट-अँगल ४-४ फुटांवर, इंटर ४-४ फुटांवर, सेक्शन १८ इंचांवर, स्क्रू ९-९ इंचांवर. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा. इंटर ४५ मिलिमीटर, सेक्शन २६, खाली बोर्ड, म्हणजे नुसता सांगाडाच सव्वातीन इंच खातो, त्यामुळे "दोन इंचात बसवून देतो" असं कोणी म्हणालं तर त्याने मधलं काहीतरी गाळलंय असं समजायचं. तुमच्याकडे साडेनऊ फूट आहे, सहा इंच खाली आलात तरी ९ फूट राहतात. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या खोलीला २.७५ मीटर म्हणजे साधारण तेवढंच धरलंय, त्याच्या खाली जाऊ नका, आणि ते तीन पायऱ्यांचं डिझाइन आवडलंय म्हणालात ते सरळ विसरा, त्या पायऱ्या ११ फुटी छताच्या घरांसाठी असतात.

आता कॉन्ट्रॅक्टर वाचवतो कुठे ते बघा. तुमच्या १२ फुटी बेडरूममध्ये १८ इंचाने आठ गाळे पडतात, म्हणजे मध्ये सात सेक्शन. तोच जर दोन दोन फुटांवर गेला तर पाचच लागतात. दोन सेक्शन वाचले, त्याचे पैसे वाचले, तुम्हाला खालून काहीच दिसत नाही, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत बोर्ड मधेच पोट सोडतो. अख्ख्या खोलीला पाच बोर्ड लागतात, ६ बाय ४ चे, एकेक १८-२० किलोचा, म्हणजे ९०-१०० किलो तुम्ही झोपता त्याच्या वर टांगलंय, आणि सांगाड्याचं वजन वेगळं. दोन सेक्शनसाठी घासाघीस करण्यासारखी ती जागा नाही.

दुसरी चोरी जाडीत. चांगला सेक्शन अर्धा ते पंचावन्न पॉइंट पत्र्याचा, म्हणजे ०.५० ते ०.५५ मिलिमीटर. लोकल माल ०.४० चा पण येतो आणि त्यावर शिक्का काहीही असू शकतो. तुमच्याकडे मायक्रोमीटर नसणार, पण वजनकाटा कुठल्याही किराणा दुकानात आहे. १२ फुटी सेक्शन पावणेदोन ते दोन किलो भरला पाहिजे. दीड किलोच्या आत भरला तर तो पत्रा पापडच आहे, परत पाठवा. मी हे करायला सांगितलं की लोकांना लाज वाटते, पण माल उतरवताना एक सेक्शन बाजूला काढून समोरच्या दुकानात काट्यावर ठेवला की त्या दिवसापासून कॉन्ट्रॅक्टरचं तुमच्याशी बोलणं बदलतं, हे अनुभवाने सांगतो.

स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो, आता सांगायला हरकत नाही. मी त्या वर्षी दुसऱ्या गावी साइटवर होतो, घरचं सिलिंग ओळखीच्याच एकाकडे सोपवलं, म्हटलं आपलाच माणूस आहे. दोन वर्षांनी दोन बोर्डांच्या जॉइंटवर केसासारखी रेघ आली, पुट्टी भरली, परत आली, परत भरली. शेवटी एक डाउनलाइट, म्हणजे सिलिंगच्या भोकात बसवलेला दिवा, ओढून काढला आणि त्या भोकातून मोबाइल वर घालून फ्लॅश चालू करून गोल फिरवत व्हिडिओ काढला. बघतो तर क्लीट नाहीच! गिलाव्यात खिळे ठोकलेत आणि त्याला बाइंडिंग वायरने अँगल बांधलेत, आणि त्यातले दोन तर चक्क पंख्याच्या हुकाला. बावीस वर्षं दुसऱ्यांची सिलिंगं तपासली आणि घरात दिव्याखाली अंधार, तेही शब्दशः. बायको अजून तो व्हिडिओ पाहुण्यांना दाखवते. ज्यांचं सिलिंग आधीच झालंय त्यांनी सगळ्यांनी ही मोबाइलची ट्रिक करून बघा (मेन स्विच बंद करून), पाच मिनिटांचं काम आहे.

आणि फास्टनर कशात जातोय ते बघा. गिलाव्यात नाही, काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. ड्रिलमधून आधी मऊ भुकटी येते ती गिलावा, मग आवाज बदलतो, ड्रिल अडतं, आणि करडी बारीक पूड येते, ते काँक्रीट. कान देऊन उभं राहिलात तर जिन्यातूनही कळतं.

तुमच्या केसमध्ये अजून एक, समुद्राची हवा. जीआय म्हणजे लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर, आणि तो थर किती ते ग्रॅममध्ये मोजतात, सिलिंगच्या मालात नेहमीचा १२० ग्रॅमचा, दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून. वेंगुर्ल्यात त्याच्या खालचा घेऊ नका, वरचा मिळाला तर उत्तमच. सेक्शन कापला की कापलेल्या टोकाला जस्त नसतं, गंज तिथून सुरू होतो, म्हणून टोकांना झिंक प्रायमरचा एक हात मारायला सांगा, डबा एकच लागतो. स्क्रू साधे काळे न घेता जस्त चढवलेले घ्या. काळ्या स्क्रूचे डाग दोन-तीन वर्षांत रंगातून वर येतात, ओळीने तपकिरी ठिपके, जणू सिलिंगला कांजिण्या आल्यात.

पीओपीवर माझा राग नाही. गोल घुमट, नक्षी, वेडेवाकडे आकार यात पीओपीचा हात कोणी धरणार नाही, आणि जॉइंटच नसल्यामुळे रेघांची भानगड कमी. पण त्याचा सांगाडा म्हणजे चॅनलच्या खाली तारेची जाळी आणि त्यावर ओला पीओपी थापायचा, तो जिप्सम बोर्डापेक्षा जड होतो, मिस्त्रीच्या हातावर सगळं अवलंबून, आणि कोकणातल्या दमट हवेत सुकता सुकत नाही. ओला पीओपी आणि लोखंडी जाळी यांचं आधीच वाकडं, वरून खारी हवा. मूळ पदार्थ तसा एकच आहे बरं का, जिप्समचा दगड भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की पीओपी, त्यात परत पाणी घातलं की तो पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतो. फरक एवढाच की बोर्ड कारखान्यातून कोरडा होऊन येतो आणि पीओपी तुमच्या डोक्यावर वाळतो. घाटावर कोरड्या हवेत मी एखाद वेळी हो म्हणेन, तुम्हाला नाही.

दीरांचा मुद्दा मात्र मला मनापासून आवडला, कारण तो प्रेमापोटी आलाय. गावच्या घराचं कडीपाटाचं छत टिकलं हे खरंच आहे, पण का टिकलं? कड्या जाड, लाकूड जून, वर कौलं, आणि कौलांच्या फटीतून, माळ्यावरून वारा सतत खेळता. भिजलं तरी वाळायचं. चुलीचा धूर मिळायचा तो वेगळाच. तुम्ही करणार ते काय, बाजारातल्या दोन बाय एकच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वर स्लॅब, खाली प्लाय, मधे कोंडलेली चार इंच दमट हवा, आणि कोपऱ्यात ओल. वाळवीला आमंत्रणपत्रिकाच. शिवाय लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि खालचा रंग दरवर्षी त्याच जागी तडकतो. हौसच असेल तर सांगाडा जीआयचाच करून हॉलच्या एका भागात खाली शोभेच्या लाकडी पट्ट्या घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे गावचं घर उतरवाल तेव्हा त्यातली एखादी कडी आणून ठेवा, तिचा बाक करा.

बाथरूमला जिप्सम नको, हिरवा बोर्ड आणला तरी नको. हिरव्या कागदाचा बोर्ड दमटपणा सोसतो, गळती नाही सोसत, हे दुकानदार सांगत नाहीत. तिथे पीव्हीसीच्या पट्ट्या नाहीतर ग्रिड. ग्रिड म्हणजे बँकेत, दवाखान्यात डोक्यावर जे दोन बाय दोन फुटांचे चौकोन दिसतात ते, टी आकाराच्या पट्ट्या तारेने टांगून वर टाइल नुसती ठेवलेली. हॉलमध्ये ग्रिड केलं की घराची पतपेढी होते म्हणून तिथे नाही सांगत, पण बाथरूममध्ये त्याचा फायदा असा की टाइल हाताने उचलली की वरचा पाइप, गीझरची लाइन सगळं समोर. फक्त टाइल मिनरल फायबरची घेऊ नका, ओल लागली की पुरणपोळीसारखी फुगून खाली येते, धातूची किंवा पीव्हीसीची घ्या. स्वयंपाकघरात काही करू नका. वाफ, फोडणी, मच्छी, कशाला?

आता ती ओल. "सिलिंगमध्ये झाकून जाईल" म्हणणाऱ्या माणसाला काम देऊ नका, एवढं एक माझं ऐका. ओल झाकली की जात नाही, फक्त ती कुठपर्यंत आली ते तुम्हाला दिसेनासं होतं, आणि एक दिवस बोर्ड मऊ पडून पलंगावर येतो. तोवर वरच्या स्लॅबची सळई गंजून पोपडे सुटायला लागलेले असतात, ते पोपडे सिलिंगवर पडत राहतात, तुम्हाला वाटतं पाल पळाली. हा पाऊस तसाच जाऊ द्या. पेन्सिल घ्या, ओलीच्या कडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा, मोठा पाऊस झाला की पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. गणपतीपर्यंत तुमच्या छतावर नकाशा तयार होईल आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला तो कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त कामाचा आहे. गच्ची सोसायटीची, खर्च सोसायटीचा, पण सोसायटीच्या मीटिंगला फोटो नेल्याशिवाय कोणी हलत नाही, म्हणून रेघांचे फोटो पण काढत राहा. नंतर गच्चीचं काम, गच्चीत पाणी तुंबवून चाचणी, आणि मग नोव्हेंबरच्या पुढे सिलिंग. तसंही भर पावसात जॉइंट भरायचं कंपाउंड वाळत नाही, बोर्डाची चळत जिन्यात ठेवली की खालचे दोन बोर्ड ओल पितात, आणि तेच दोन तुमच्या घरात लागतात.

म्हणजे गणपतीच्या आधी सिलिंग नाही. वाईट वाटेल, पण यंदा सासूबाईंची माटवी उघड्या स्लॅबला बांधायची आहे हे उलट चांगलंच, कारण हुक कुठे पाहिजेत ते या वर्षी कळेल. गणपती बसतो तिथे वर स्लॅबमध्ये चार अँकर फास्टनर मारून हुक बसवा, भरलेली माटवी १५-२० किलोला सहज जाते. एकदा बसवून, लटकून बघा (तुम्ही नाही, दीर). पुढे सिलिंग करताना मी तर म्हणेन हॉलला पूर्ण छत झाकूच नका, चारी बाजूंनी दोन-दोन फुटांचा पट्टा घ्या, त्यात लाइट, मधला स्लॅब नुसता पुट्टी-रंग करून मोकळा. पंखा नेहमीच्या हुकाला नेहमीच्या रॉडवर राहतो, उंची मोठी वाटते, खर्च बराच कमी येतो, आणि माटवीचे हुक त्या मोकळ्या भागात आले की प्रश्नच मिटला. पूर्ण झाकायचंच असेल तर हुकाच्या दांड्या बोर्डातून खाली काढून घ्या, वर्षभर त्यावर छोटी टोपी लावा. पण काही झालं तरी माटवी, पंखा, झुंबर, पाळणा यातलं काहीही जिप्समच्या सेक्शनला बांधायचं नाही, तो सांगाडा स्वतःच्या बोर्डापुरताच आहे. बेडरूममध्ये पूर्ण सिलिंग केलंत तर पंख्याचा रॉड लांब घ्या, पातं सिलिंगपासून फूटभर खाली राहिलं पाहिजे, नाहीतर पंखा गरगर फिरतो आणि वारा म्हणून लागत नाही.

कोटेशनमध्ये एक शब्द शोधा, 'डेव्हलप एरिया'. म्हणजे सिलिंगची आडवी जागा तर मोजणारच, पण पायरीची उभी बाजू, कोव्हच्या (लाइट लपवायच्या खाचेच्या) आतली बाजू, सगळं उलगडून मोजणार, आणि काही जण वर कोव्हचा रनिंग फुटाने वेगळा दर लावतात, म्हणजे एकाच पट्टीचे दोनदा पैसे. दोन्हीपैकी एकच चालेल असं आधीच लिहून घ्या. त्याच कागदावर सेक्शनची जाडी, १८ इंच, क्लीट-फास्टनर हे शब्द टाका, आणि बोर्ड चढवायच्या आधी सांगाडा दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही हेही टाका. त्या दिवशी प्रत्येक खोलीत टेप धरून फोटो काढा, पुढे पडद्याचा रॉड किंवा एसी लावताना कुठे ड्रिल मारायचं ते त्या फोटोतूनच कळतं. एसी घेणार असाल तर त्याच्या पाण्याच्या पाइपला उतार आत्ताच ठरवा, आणि पाइपचा जॉइंट जिथे असेल तिथे दीड बाय दीड फुटाचं उघडझाप होणारं झाकण ठेवा.

राहिले उंदीर. सासूबाई चूक नाहीत, उंदीर राहतात, पण ते सिलिंगमुळे येत नाहीत, एसीच्या पाइपसाठी भिंतीला जे अडीच-तीन इंचाचं भोक पाडतात आणि मग थोडा फोम नाहीतर वर्तमानपत्र कोंबून ठेवतात तिथून येतात. फोम उंदीर कुरतडतो. त्या भोकाला बारीक तारेची जाळी आणि वर सिमेंट, बाथरूमच्या पाइपांभोवती पण तसंच, हे सिलिंगच्या माणसाकडून नाही, प्लंबरकडून आधीच करून घ्या, बोर्ड चढल्यावर तिथे हात पोचत नाही. पालींचं विचारलं नाहीत ते बरं केलंत, कोव्हमध्ये लाइट लागला की त्या येणारच.